ओस्तियाचं सिनेगॉग: रोमला गेलात तर एक दिवस इकडे काढा

रोममध्ये ज्यूंच्या खुणा शोधणारे आधी टायटसच्या कमानीपाशी जातात. इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर लुटून आणलेला सात फांद्यांचा मेनोरा, म्हणजे ज्यूंचा दिवा, तिथे कोरलाय. पण ती लुटणाऱ्यांची बाजू झाली. ज्यूंनी स्वतः बांधलेलं, वापरलेलं काही बघायचं असेल तर ओस्तिया अँटिका, म्हणजे रोमचं प्राचीन बंदर-शहर, गाठा. तिथे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, आहे.

मेट्रोच्या बी लाइनने पिरामिदेला उतरायचं, शेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकल पकडायची. अर्ध्या तासात ओस्तिया. सोमवारी बंद असतं.

थिएटर, फोरम बघून बहुतेक मंडळी दमतात आणि मागे फिरतात. सिनेगॉग पार दुसऱ्या टोकाला, पोर्ता मरीना या जुन्या वेशीच्याही बाहेर आहे. म्हणून सकाळी आधी सरळ तिकडेच चालत जा, बाकीचं येताना बघा. रस्ता जुन्या दगडांचा, ओबडधोबड. चांगले बूट हवेत. सावली कमी, पाणी जवळ ठेवा. तो भाग उघडा आहे ना, हे तिकीट खिडकीवरच विचारून घ्या.

1961 मध्ये विमानतळाचा रस्ता करताना ही वास्तू सापडली. रोमन काळात समुद्र इथून अगदी जवळ होता. चार उंच खांबांमधून आत गेलं की डावीकडे तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, पेटीचा कोनाडा लागतो. त्याच्या तुळईच्या टोकावर मेनोरा कोरलाय, बाजूला शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग. इथे घाई करू नका. कोनाड्याची पाठ आग्नेयेला, जेरुसलेमच्या दिशेला आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएली ज्यू त्याच जेरुसलेमसाठी पश्चिमेकडे तोंड करतात, हे तिथे उभं असताना आठवलं आणि फार बरं वाटलं.

शेजारच्या खोलीत भट्टी आहे आणि संगमरवरी टेबल. म्हणजे इथे प्रार्थनेबरोबर रांधणंही होत असणार.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इथे सापडलेला मिंडियुस फाउस्तुस या दात्याचा शिलालेख. पहिली ओळ लॅटिनमध्ये, सम्राटाच्या क्षेमासाठी. पुढचं ग्रीकमध्ये, पवित्र धर्मशास्त्राची पेटी बसवल्याबद्दल. दात्याचं नाव आधीचं खोडून त्यावर नव्याने कोरलेलं आहे. पुढे हाच दगड फरशीत वापरला गेला. जाण्यापूर्वी त्याचा फोटो नीट बघून ठेवा.

वेळ उरला तर रोमला परतून आप्पिया रस्त्यावरची विन्या रांदानिनीची ज्यू भूमिगत दफनभूमी करा. तिथे आधी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा निघण्याच्या बऱ्याच आधी ठरवा.