फ्रिजमागचा तलाव

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, त्यामुळे पावसाळ्यात डास वाढले की सगळ्यांचं बोट मासुंदा तलावाकडे, नाहीतर मागच्या गटाराकडे जातं. गटारातला तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. डेंग्यूचा एडिस इजिप्ती मात्र टापटिपीचा. त्याला स्वच्छ, सावलीतलं, साचलेलं आणि थोडकंच पाणी लागतं. थोडक्यात, आपल्या घरातलं.

हा डास सहसा दोन-चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही. सोसायटीत डेंग्यू निघाला की डासाचा जन्मदाखला बहुतेक वेळा त्याच सोसायटीचा असतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ‘अठराव्या मजल्यावर कसले डास’ असं ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याच्याच बाल्कनीत प्रत्येक कुंडीखाली एक भरलेली बशी असते.

मनीप्लांटची बाटली घ्या. बहुतेक जण पाणी कमी झालं की वरून ओततात, आणि घोळ तिथेच होतो. मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर काचेवर. काळे, बारीक, चिकटून बसलेले ठिपके. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. पाणी वर चढून त्यांना टेकलं की अळ्या बाहेर. म्हणजे वरून पाणी ओतणं ही त्यांच्या दृष्टीने सोयच झाली. बाटली पूर्ण रिकामी करायची, आतून ब्रशने घासायची, मुळंही वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची. बाटलीवर टॉर्च मारून पाहा. अळ्या शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकलेल्या असतात. हाताची सावली पडली की वळवळत तळाला जातात, आणि हवेसाठी पुन्हा वर येतात. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे जीव दिसले तर ते कोश. ते खात नाहीत, फक्त दोनेक दिवसांत पंख फुटून उडतात.

अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशेबाने. वार कुठलाही चालेल, पण दर आठवड्याला तोच ठेवावा. पंधरा दिवसांनी केलेली कडक साफसफाई दिसायला छान असते, पण तोवर एक पिढी उडून गेलेली असते.

सगळ्यात विसरली जाणारी जागा फ्रिजच्या मागे, खाली असते. कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये डिफ्रॉस्टचं पाणी उतरतं. उन्हाळ्यात ते कॉम्प्रेसरच्या उष्णतेने आटतं. जुलैच्या दमट हवेत ते आटायला वेळ लागतो. प्लग काढून, फ्रिज पुढे ओढून ट्रे रिकामा करावा. पक्का बसवलेला असेल तर स्पंजने टिपून घ्यावा. नवी मुंबईत आणखी एक भानगड: गळती थांबावी म्हणून गच्चीवर आणि छज्जांवर निळी ताडपत्री टाकतात आणि तिच्या घड्यांत पाणी साचतं. ती ताणून, उतार देऊन बांधली तर हा प्रश्नच उरत नाही. पाणी ठरावीक वेळेलाच येतं तिथे पिंपं भरून ठेवावीच लागतात. त्यांना नुसतं झाकण पुरत नाही, जुन्या साडीचं किंवा धोतराचं कापड ताणून दोरीने घट्ट बांधावं. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी लावावी. अळ्यांचं पाणी कोरड्या मातीवर फेकावं, मोरीत नाही.

धुरफवारणीने सोसायटीचं समाधान तेवढं होतं. धुराने उडते डास मरतात. अंडी-अळ्यांना त्याचं काही नसतं.

रात्रीची मच्छरदाणी चांगलीच, पण ही मादी दिवसा चावते, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी, आणि खेळायला जाणाऱ्या पोरांना पायभर कपडे.

आणि ताप आलाच, तर घरच्या डब्यातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढंच; अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू ओळखणारी एनएस१ ही रक्तचाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. सगळ्यांची नजर प्लेटलेटच्या आकड्यावर, कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन हजर; खरं लक्ष ताप उतरताना हवं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप जातो, घरचे सुस्कारा सोडतात, आणि नेमकं तेव्हाच रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू शकतं. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, चार-सहा तास लघवी न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावं.