लोलो रोसो हिरवाच का राहतो? (गच्चीवरची नोंद, आठवडा पाचवा)

खिडकीतला लोलो रोसो, म्हणजे लाल झालरीच्या पानांचं लेट्यूस, मागच्या थंडीतही हिरवागारच निघाला होता. तेव्हा बियाण्याला नावं ठेवून मोकळा झालो. या खेपेला एकाच पाकिटातली रोपं तीन ठिकाणी वाटली: एक कुंडी खिडकीच्या काचेआड, दोन गच्चीवर. गच्चीवरच्या एकीवर साधं पातळ पॉलिथिन, दुसरीवर ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट).

संशय असा की लाली चढायला उन्हातले यूव्ही-बी किरण लागतात. साध्या काचेतून यूव्ही-बी, म्हणजे अतिनील किरणांचा २८० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा, जवळजवळ येतच नाही. ओएचपी शीट पॉलिस्टरची, तीही तो बराचसा अडवते. पॉलिथिन जाऊ देतं. (ग्रीनहाउसचा कागद वापरू नका, त्यात यूव्ही शोषणारी द्रव्यं असू शकतात.) रात्रीच्या थंडीनेही पानं लाल होतात, म्हणून खरी तुलना गच्चीवरच्या दोघींचीच.

पॉलिथिनखालची पानं आता कडेपासून अर्ध्यापर्यंत आमसुली. ओएचपीखाली फक्त झालरीची टोकं लालसर. खिडकीतली अजून पोपटी. त्यातलंच एक रोप उत्साहाच्या भरात भर दुपारी उघड्यावर नेलं, तर दोन दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे. सवय लावल्याशिवाय हलवायचं नाही हे माहीत असूनही!

यूव्ही-बी ओळखणारं प्रथिन यूव्हीआर८. ते २०११ साली सिद्ध झालं. त्याला वेगळं रंगद्रव्य लागत नाही, त्याच्यातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लच किरण टिपतं. मग जोडीने चिकटलेले या प्रथिनाचे दोन रेणू सुटे होतात आणि फ्लेव्होनॉइड (अँथोसायनिन, क्वेर्सेटिन ही याच गटातली द्रव्यं) बनवणारी जनुकं चालू होतात. पण गंमत अशी की लाल अँथोसायनिन मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतं. यूव्ही अडवण्याचं बरंचसं काम क्वेर्सेटिनसारखी, डोळ्यांना जवळपास न दिसणारी द्रव्यं पानाच्या वरच्या कातडीत बसून करतात. म्हणजे मी पाच आठवडे बघतोय ती छत्री नाही, तिची झालर.

म्हणून काल गच्चीवरच्या दोन्ही कुंड्यांतली पाच-पाच ग्रॅम पानं गरम पाण्यात चुरली. व्हिनेगर घातल्यावर पॉलिथिनवालीचं पाणी कोकम सरबतासारखं झालं, दुसरीचं जेमतेम गुलाबी. मग त्या फिक्या पाण्यात, फेस ओसरेपर्यंत, खायचा सोडा टाकला तर ते चक्क पिवळं! पांढऱ्या कांद्याला सोडा लागला की होतो तसं. म्हणजे ती न दिसणारी द्रव्यं त्यातही असावीत. अर्थात लेट्यूसमध्ये कॅफिक आम्लाची भावंडंही भरपूर, तीही सोड्यात पिवळी पडतात, त्यामुळे याला मोजमाप म्हणणार नाही.

रविवारी ओएचपी शीट काढतोय. लाली कितव्या दिवशी चढते ते लिहून ठेवेन, मावा कीड आधी पोचली नाही तर.