पाच नंबर आणि एक भिजलेली वही

"दिवाणजी, एवढं पिक्चर बघताय, मग पयला नंबर कुणाचा ते तरी सांगा की!"

सौदे उरकले, पोती शिवून झाली की आमचे हमाल थप्पीला टेकतात आणि हा विषय निघतो. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी सत्तावीस वर्षं दिवाणजी आहे. सिनेमाचं वेड त्याच्याही आधीचं. पुण्याची भाची फोनवर हेच विचारते, फक्त तिचा प्रश्न जास्त नेमका असतो: "मामा, २०१० ते २०१४ मधले तुमचे पाच मराठी सिनेमे सांगा. क्रमानं. गोलगोल नको." गेल्या महिन्यात तर एका खरेदीदारानं भाव फुटायची वाट बघता बघता तेच विचारलं. आता तुम्हीही हाच प्रश्न विचारलात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

खरं तर हे सगळं लिहिलेलं होतं. माझी एक वही होती. उजव्या पानावर सिनेमा: तारीख, नाव, दोन ओळी आणि दहापैकी मार्क. डाव्या पानावर घरखर्च. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात ते आलंच. गॅस, धान्य, आईची औषधं माळ्यावर गेली आणि वही खाली राहिली. पाणी ओसरल्यावर ती चिखलातून काढून उन्हात वाळवली. जेल पेननं लिहिलेलं सगळं निळं डाग होऊन बसलं होतं, बॉलपेननं लिहिलेलं शाबूत होतं. बरीच पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. तेव्हापासून नंबर सांगतो ते आठवणीतून.

भाचीनं हीच पाच वर्षं का धरली? मराठी सिनेमाला नवा जीव आला तो काळ म्हणून. 'श्यामची आई'ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीत यायला 'श्वास' उजाडावा लागला. मध्ये पन्नास वर्षं गेली. आणि मग २०११ चं सुवर्णकमळ 'देऊळ'ला, २०१४ चं 'कोर्ट'ला. पण 'कोर्ट' थिएटरात लागला एप्रिल २०१५ मध्ये. माझा नियम थिएटरच्या तारखेचा, त्यामुळे तो यादीत नाही. 'किल्ला'चंही तेच झालं. भाची म्हणते हा नियम मूर्खपणाचा आहे. असेल, पण खतावणी कुठल्या तरी तारखेला बंद करावीच लागते.

आणि पारख कशी करायची? पॉलिश केलेली हळद ढिगात सोन्यासारखी दिसते. जाणता खरेदीदार ढिगाकडे बघत बसत नाही, एक हळकुंड उचलतो, कडकन मोडतो आणि आतला रंग बघतो. सिनेमाचं हळकुंड मोडायची माझी रीत एवढीच, की तो बघून आल्यावर माझ्या वागण्यात काही फरक पडला का. रडलो किती, हसलो किती, हे पॉलिश झालं.

म्हणून 'नटरंग' पाचवा. हे ऐकून पेढीवर दरवेळी आरडाओरडा होतो. शाहीर पट्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले. तमाशा ह्या मातीत नीट मुरलेला आहे. १ जानेवारी २०१० ला सिनेमा लागला आणि अजय-अतुलच्या गाण्यांनी टॉकीज डोक्यावर घेतलं, शिट्ट्यांनी कान किटले. अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानी अंग कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं, ती मेहनत पडद्यावर दिसते. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा मात्र मला जास्त एकटा वाटला होता. सिनेमात तो एकटा पडायला लागला की एक झकास गाणं येतं आणि आपण त्याला विसरून ठेका धरतो. रवी जाधवांचा हा पहिलाच सिनेमा, हे लक्षात घेतलं तर टोपी काढावी. पण नंबर पाचवाच.

त्यांचाच 'बालगंधर्व' यादीत कसा नाही, हा सांगलीतला हक्काचा प्रश्न. नाटककार विष्णुदास भावे इथले, 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे खाडिलकर इथले, 'शारदा'कार देवल तर हाकेच्या अंतरावरच्या हरिपूरचे, आणि नारायणराव राजहंसांचं, म्हणजे खुद्द बालगंधर्वांचं, नागठाणे पलूस तालुक्यात. सुबोध भावे शालू नेसून उभा राहिला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी हात जोडले होते. आनंद भाटे गायलेत तर असे की डोळे मिटून बसावं. मी डोळे मिटूनच बसलो होतो, आणि सिनेमाबद्दल माझी तक्रार नेमकी तीच आहे.

चौथा 'एलिझाबेथ एकादशी'. पंढरपूरची पोरं, वडिलांच्या पश्चात त्यांची आठवण म्हणून उरलेली सायकल, आई ती विकायला निघालेली, आणि एकादशीच्या गर्दीत पैसे उभे करायला पोरांनी मांडलेला धंदा. परेश मोकाशींनी वारीच्या नावानं कुठंही गळा काढलेला नाही. देवाच्या दारचा बाजार हा गरिबाच्या घरची चूलही असतो, हे इतक्या हसतखेळत सांगितलेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

'शाळा' थोडक्यात राहिला. का, ते विचारू नका. बोकिलांची कादंबरी मी तीनदा वाचलीय, एवढंच कारण असेल.

तिसरा 'विहीर'. हा मी पुण्यात पाहिला. बाहेर पडल्यावर भाची म्हणाली, "मामा, ह्यात काही घडतच नाही." नचिकेत आणि समीर, नात्यानं भाऊ असलेली दोन पोरं, आजोळचं घर, लग्नाची गडबड, लपाछपी. मग त्यातला एक विहिरीत जातो आणि दुसरा उरलेला सगळा सिनेमा त्याला शोधत राहतो, जणू लपाछपी अजून संपलेली नाही आणि राज्य ह्याच्यावर आहे. आमच्याकडं पोहायला विहिरीतच शिकवायचे. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे आणि काकानं ढकलून द्यायचं. एका उन्हाळ्यात आमच्या बरोबरीचा एक मुलगा असाच गेला. त्याच्याबद्दल घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. 'विहीर' पाहून आल्यावर मी थोरल्या भावाला फोन केला आणि त्या मुलाचं नाव घेतलं. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याचा डबा माझ्याकडं होता." तीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग तोच पहिला का नाही? भाचीही हेच म्हणते. मला नीट उत्तर देता येत नाही. तो सिनेमा माझ्यापुरता आहे, आणि नंबर चारचौघांत सांगायचे असतात, असं काहीतरी.

दुसरा 'फँड्री'. फेब्रुवारी २०१४, नव्या हळदीची आवक सुरू झालेली, तरी दुपारचा शो गाठला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. शेवटाकडं शाळकरी जब्या आणि त्याच्या घरचे डुक्कर धरायला धावताहेत, शाळेतली पोरं कठड्यावर बसून मजा बघताहेत. टॉकीजमध्ये हशा पिकला. मीही हसलो. धडपडण्यात गंमत होतीच, नागराज मंजुळेंनी ती ठेवलीच होती. मग शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, हाताशी आलेलं डुक्कर सोडून सगळं कुटुंब ताठ उभं राहतं, आणि हसावं की उभं राहावं हे आम्हाला कळेना. पुढं मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागं शाळेची भिंत येते, भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर. आणि शेवटी जब्याचा दगड आपल्याच दिशेनं येतो. जब्याचा बाप झालेल्या किशोर कदमचा चेहरा मला अजून दिसतो. 'नटरंग'मधला पांडोबाही तोच होता, पण तिथं त्याला बोलायला मिळालं होतं.

बाहेर आलो तेव्हा कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेढीवर आलो आणि नेहमीच्या माणसांना नेहमीच्या नावांनी हाका मारल्या. त्यातली एक-दोन हाक मारायची नावं कुठून आली आहेत, हे मला ठाऊक होतं. ती बदलायला मला आणखी काही वर्षं लागली आणि सिनेमाच्या आठवणीनं नव्हे, तर त्यातल्या एकानं तोंडावर सांगितलं म्हणून. दोष सिनेमाचा नाही. पण माझ्या कसोटीला तो दुसराच उतरतो.

पहिला 'देऊळ'.

मंगरूळ गावातला केश्या, गिरीश कुलकर्णी. हरवलेली गाय शोधता शोधता झाडाखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्त दिसतात. भोळेपणानं तो हे गावात सांगतो आणि तिथून गाव त्याच्या हातातून निसटतं. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा दवाखान्यासाठी जीव टाकत असतात, नाना पाटेकरांचे भाऊ आधी त्यांच्या बाजूनं, मग वाऱ्याच्या बाजूनं. देऊळ होतं, त्यामागून दुकानं, पार्किंग, आरत्यांच्या सीडी. उमेश कुलकर्णींनी कुणालाच खलनायक केलं नाही, जो तो आपापल्या परीनं बरोबरच वागतो. शेवटी केश्याला आपला देव त्या गर्दीतून चोरून न्यावा लागतो.

हा सिनेमा कोकणातल्या किंवा विदर्भातल्या माणसाला जसा दिसेल तसा आम्हाला दिसणं शक्य नाही. औदुंबर आमच्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, नृसिंहवाडी तासाभरावर, दोन्ही दत्ताची ठिकाणं. आमच्या घरात पौर्णिमा म्हणजे औदुंबर. भिलवडीला उतरायचं, कृष्णा ओलांडायची, घाटावर पाय धुवायचे, पादुकांचं दर्शन. आजोबांपासून चालत आलेलं. त्याच औदुंबरात संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, कवी सुधांशूंचं गाव ते. त्या घाटावर बसून मी लहानपणी कविता ऐकल्यात.

'देऊळ' पाहिल्यावर मी औदुंबर सोडलं नाही. पण तिथं काही विकत घ्यायचं बंद केलं. नारळ नाही, पेढे नाही, पावती नाही. घाट, पाणी, पादुका, परत. गेली तेरा-चौदा वर्षं हे मी प्रत्येकाला सांगत आलोय. सिनेमानं माणूस बदलतो का, असं कुणी म्हटलं की माझं हे उदाहरण ठरलेलं. 'एलिझाबेथ' आल्यावर बायकोनं एकदा टोचलंही, "तुम्ही घेतला नाहीत तो नारळ विकणाऱ्या बाईनं काय खायचं?" त्यावरही माझ्याकडं उत्तर तयार होतं. आता आठवत नाही काय होतं ते.

परवा हे लिहायला बसलो आणि म्हटलं, तारखा तरी बघाव्यात. वही काढली, चिकटलेली पानं चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून एकेक सोडवली. 'देऊळ'चं पान सापडलं. उजवीकडं सगळा निळा डाग, त्यात मार्क किती दिले होते तेही कळेना. डावीकडचा घरखर्च मात्र बॉलपेननं लिहिलेला, अक्षर न् अक्षर स्वच्छ. १० नोव्हेंबर २०११, गुरुवार, त्रिपुरी पौर्णिमा. सिनेमा लागून जेमतेम आठवडा झालेला. औदुंबर: गाडीभाडं, नारळ दोन, पेढे अर्धा किलो, अभिषेक पावती, चहा. आणि शेवटची ओळ: दत्ताचा फोटो, फ्रेमसह, पेढीसाठी.

तो फोटो माझ्या गादीच्या वरच आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं, शेटजींनी लावलाय.