गोवराचं समुद्रातलं भावंड

भुऱ्याचा जबडा झोपेतही हलत होता. तोंडात काही नसताना चघळल्यासारखा, आणि त्याच लयीत पुढचा डावा पाय उडत होता. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या गेटपाशी जन्मलेलं कुत्र्याचं चार महिन्यांचं पिल्लू. आधी डोळ्यांना चिपडं, नाकावर पापुद्रे, खोकला, मग जुलाब. मध्ये चार-पाच दिवस बरं वाटलं, दूधभात चाटूनपुसून खाल्ला. आम्हाला वाटलं, सुटला. आणि मग हे सुरू झालं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "डिस्टेंपर आहे ताई. मेंदूपर्यंत गेलाय." मी नर्स आहे हे कळल्यावर म्हणाले, "तुमच्या गोवराचा चुलतभाऊच समजा."

मी आरोग्यसेविका आहे. एकोणीस वर्षं गोवराची लस टोचतेय. नऊ महिने पूर्ण झाले की एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेला लसीचा, पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, उजव्या दंडावर. पावडरीत डायल्युएंट, म्हणजे ती विरघळवायचं द्रावण, घातलं की कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनंतर उरलेली वापरायची नाही. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हा आम्हीही ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या राहिलेल्या मुलांची यादी, घेऊन घरोघर फिरलो. एवढं सगळं करून गोवराला भाऊबंद आहेत हे मला ठाऊक नव्हतं. भुऱ्या गेला त्या रात्रीपासून मी वाचायला लागले.

बुळकांडी हा गुरांचा रोग त्यातलाच. हा शब्द मी आजोबांच्या तोंडी ऐकला होता. "बुळकांडीनं दावणीची जनावरं गेली" एवढंच ते सांगायचे आणि गप्प व्हायचे. याच रोगापायी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली, पुढे ती आताच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली, आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. लसीनं संपली. माझ्या कामाचा मला इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

याच घराण्याची एक शाखा समुद्रात आहे, डॉल्फिन आणि व्हेलमध्ये. लक्षणं वाचताना अंगावर काटा आला, कारण सगळं ओळखीचं होतं. फुप्फुसांना सूज, मेंदूला सूज, आणि प्रतिकारशक्ती अशी खचते की एरवी काही न करणारी बुरशीसुद्धा जीव घेते. गोवराचंही असंच असतं. मूल अनेकदा पुरळानं जात नाही, मागून येणाऱ्या न्यूमोनियानं जातं.

पाण्यात राहून हा रोग पसरतो कसा, हे मला आधी कळेना. मग लक्षात आलं, ते मासे नाहीत, त्यांना श्वास घ्यायला वर यावंच लागतं. डोक्यावरच्या छिद्रातून फवारा उडतो, आणि कळप बरोबर वर येतो, अंगाला अंग लावून. पिल्लू आईच्या कुशीला चिकटून, तिनं सोडलेल्या हवेतच आपला श्वास घेतं. गोवराचा रोगी खोलीतून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, हे मी दर प्रशिक्षणात ऐकलंय. आता ते ऐकताना मला ती आई-पिल्लाची जोडी दिसते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९८७-८८ मध्ये सातशेहून जास्त डॉल्फिन मेले. १९९० मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियाजवळ पट्टेरी डॉल्फिन मरू लागले आणि दोन वर्षांत साथ ग्रीस-तुर्कस्तानपर्यंत गेली. त्या मेलेल्या डॉल्फिनच्या चरबीत पीसीबी या औद्योगिक रसायनाचं प्रमाण फार जास्त सापडलं. विषानं आधीच पोखरलेल्या शरीराला विषाणूशी झुंजणं जड गेलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. २०१७ च्या अखेरीपासून काही महिन्यांत ब्राझीलमध्ये रिओजवळच्या सेपेतिबा आणि शेजारच्या इल्या ग्रांदे उपसागरात दोनशेहून जास्त डॉल्फिन गेले. बंदरं, कारखाने, कडेला खारफुटी आणि मासेमारी करणारी गावं, असा तो भाग. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला वेगळं चित्र डोळ्यांपुढे आणावं लागत नाही.

अमेरिकेच्या त्याच किनाऱ्यावर २०१३ ते २०१५ मध्ये साथ पुन्हा आली, या वेळी सोळाशेहून जास्त गेले. मध्ये पंचवीस वर्षं. लसीकरणात काम करणाऱ्या कुणालाही हा आकडा लगेच बोलेल. साथीतून जे वाचले त्यांना प्रतिकारशक्ती आली, पण नंतर जन्मलेल्या पिल्लांना नाही. हळूहळू जुने गेले, नवे वाढले, आणि कळपात बिनसंरक्षणाचे इतके झाले की विषाणूला रान मोकळं. आमच्याकडे दोन्ही डोस घेतलेल्या मुलांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली घसरलं की जीव वरखाली होतो, तो याच कारणानं. समुद्रात कोण जाणार सुई घेऊन? एका ठिकाणी मात्र माणसं गेली आहेत. हवाईच्या मंक सील जेमतेम दीड हजारांच्या आसपास उरल्यात, म्हणून २०१६ पासून त्यांना किनाऱ्यावर गाठून डिस्टेंपरची लस टोचतात. ते वाचून मला रडू आलं. भुऱ्याला ती वेळेवर मिळाली नव्हती.

पण सगळ्यात जास्त मनात राहिलं ते वेगळंच. १९८७ ची ती साथ सुरुवातीला विषारी शेवाळामुळे आली असं ठरवलं गेलं होतं. खरं कारण कळलं १९९४ मध्ये, कारण मेलेल्या डॉल्फिनच्या अवयवांचे तुकडे कुणीतरी नीट जपून ठेवले होते. ते नसते तर कायमचं चुकीचंच उत्तर राहिलं असतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं. त्याला परत समुद्रात न्यायला माणसांनी जिवाचं रान केलं, तरी ते वाचलं नाही. माझा मुलगा बातम्या बघताना विचारत होता, "आई, त्याला काय झालं होतं गं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता मी त्याला वेगळं सांगते, की आजार, जाळं, बोटीची धडक, आईपासून ताटातूट, काहीही असू शकतं, आणि शरीर तपासल्याशिवाय कुणी सांगू नये.

मागच्या सेशनला दिवा कोळीवाड्यातली एक आई बाळाला लस देऊन अर्धा तास थांबली होती. बोलता बोलता म्हणाली, "सिस्टर, माझ्या माहेरी उरणकडे मेलेला डॉल्फिन आला होता. वास सुटायच्या आत जेसीबीनं खड्डा करून पुरला." कुणी काही तपासलं का? नाही. भावानं मोबाइलवर फोटो काढला होता, तो तिनं दाखवला. करडं अंग, कातडीवर वाळू, डोक्यावरचं ते छिद्र, अर्धचंद्रासारखं, मिटलेलं. मी बराच वेळ बघत राहिले. बाहेरून काहीच कळत नव्हतं.

तिला सांगितलं, पुन्हा असं दिसलं तर हात लावायचा नाही, कुत्री जवळ जाऊ द्यायची नाहीत, आणि पुरायच्या आधी वनखात्याच्या १९२६ ला फोन करायचा, तोही लगेच, कारण उन्हात शरीर कुजलं की फुप्फुसातला, मेंदूतला नमुना वाया जातो. "तुमच्या लशीसारखंच म्हणा की, बर्फात ठेवायला लागतं," ती व्हॅक्सिन कॅरियरकडे बघत म्हणाली. अगदी तसंच, मी म्हटलं.

तिनं बाळ माझ्या हातात दिलं, नंबर मोबाइलमध्ये टाकला, 'डॉल्फिन' या नावानं, आणि तिथूनच भावाला फोन लावला.