पोटातले स्थलांतरित

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, आमच्या सेंट पॉल शहरात ह्मोंग लोकांची मोठी वस्ती आहे. व्हिएतनाम युद्धानंतर लाओस सोडून, थायलंडच्या छावण्यांतून हे लोक मिनेसोटात आले. त्यांच्या बाजारात कारली, चवळीच्या लांब शेंगा, गवती चहा, वेलांचे कोवळे शेंडे असं सगळं मिळतं, म्हणून आमची भाजी तिथूनच येते.

इथल्या मिनेसोटा विद्यापीठाने २०१८ मध्ये ह्मोंग आणि करेन (म्यानमारमधला एक समाज) बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचशेहून जास्त जणी होत्या: थायलंडमध्येच राहिलेल्या, इथे आलेल्या आणि इथे जन्मलेल्या. अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातले जिवाणू बदलू लागले होते. प्रिव्होटेला नावाचे जिवाणू ओसरले, त्यांची जागा बॅक्टेरॉइड्सनी घेतली आणि वनस्पतींचा चोथा फोडणारी विकरंही (एन्झाइम्स) कमी झाली. पुढच्या पिढीत जिवाणूंची विविधता आणखी घटली. भारतीयांच्या पोटातही प्रिव्होटेला भरपूर सापडतात, त्यामुळे हे वाचून मी जरा सावरूनच बसले.

हा चोथा, म्हणजे फायबर, आपल्याला पचत नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात. चोथा मिळालाच नाही, तर काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. म्हणजे भाडेकरूला उपाशी ठेवलं तर तो भिंत पोखरणार!

अर्थात, सगळं खापर पिझ्झावर फोडता येत नाही. नुसत्या आहाराने हा बदल पुरता उलगडत नाही, असं त्या संशोधकांनीच म्हटलंय. पण ताट तरी आपल्या हातात आहे. इथल्या पाकिटांवर दिवसाला २८ ग्रॅम फायबर हा आकडा धरलेला असतो. सरासरी अमेरिकन माणूस जेमतेम १५ ग्रॅमपर्यंत पोचतो.

गंमत म्हणजे असं फायबर देणारी ज्वारी पिकवण्यात अमेरिका जगात आघाडीवर आहे. कॅन्ससमध्ये शेतंच्या शेतं उभी असतात, पण त्यातली बरीचशी गुरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. सुपरमार्केटात ज्वारीचंच पीठ ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून चढ्या भावाने मिळतं. इंडियन स्टोअरमधलं घ्या, स्वस्त पडतं. आणि बरेच दिवस ब्रेडवर काढले असतील तर भाकरी-उसळ एकदम सुरू करू नका. आधी अर्धी वाटी मटकी, पाणी भरपूर, नाहीतर ऑफिसच्या मीटिंगमध्ये पोट गुरगुरायला लागेल.