अप्पांच्या गोळ्या, मोबाईल आणि एकादशी : माझा अनुभव

मागच्या वर्षी एका एकादशीला दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला, अप्पांना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि काहीतरी भलतंच बोलतायत. मी अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मच्या युनिटमध्ये शिलाईला आहे, तशीच मशीन सोडून उठले आणि रिक्षानं घरी आले. काकूंनी तोवर साखरेचं पाणी पाजलेलं, तरी ग्लुकोमीटरवर 61 दाखवत होतं. परत तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, तेव्हा कुठं सत्तरच्या वर आली. आम्ही आतापर्यंत साखर वाढते वाढते म्हणूनच घाबरायचो, गोळीनं ती इतकी खाली जाईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे, वय 74, माळकरी, एकादशी सोडत नाहीत. त्या दिवशी सकाळी नुसत्या चहावर गोळ्या घेतलेल्या.

रात्री जेवणं झाल्यावर चटईवर घरातली सगळी पाकिटं मांडली. मुलगा दहावीत आहे, त्यानं गूगल लेन्सनं पाकिटामागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि म्हणाला, "आई, ही दोन एकच आहेत गं." एक गोळी दवाखान्यातून घरी सोडताना दिलेली, दुसरी गल्लीतल्या डॉक्टरांची आधीपासून चालू. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा, पण आत दोन्हीत साखर कमी करणारी तीच दोन औषधं, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. म्हणजे दोन महिने अप्पा डबल डोस घेत होते आणि रोज त्यांच्या हातावर गोळ्या ठेवणारी मीच. त्या रात्री झोप लागली नाही मला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पाकिटांचे फोटो घेऊन डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एक गोळी बंद केली आणि उपवासाच्या दिवशी काय करायचं ते वेगळं लिहून दिलं. तुमच्या घरी कुणी उपवास करत असेल तर हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या, मनानं गोळी कमी-जास्त करू नका.

मग सुरू झालं मोबाईलचं प्रकरण. आम्ही दोघं दिवसभर कामावर, पोरगं शाळेत, दुपारी घरात अप्पा एकटे. आधी एक गोळ्यांची आठवण करणारं ॲप टाकलं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी गप्प, नंतर कळलं की फोनचा बॅटरी सेव्हर ते बंद पाडत होता. ते काढून टाकलं आणि फोनमधल्या साध्या घड्याळातच अलार्म लावले, नावं मराठीत, "भाकरीबरोबर साखरेची", "रात्री झोपताना". फोन सायलेंटवर असला तरी अलार्म वाजतो, हा त्याचा मोठा फायदा.

पण अप्पांना तो ऐकूच येईना! पस्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात गेली त्यांची, कान त्यातच गेले. असे कान गेले की बारीक, किणकिणता आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि फोनच्या रिंगटोन नेमक्या तसल्याच. मग ह्यांनी आपल्या जाड आवाजात रेकॉर्ड केलं, "अप्पाऽ, गोळी घ्या, आधी भाकरी खावा," आणि मुलानं ती फाईल अलार्मला लावली. व्हायब्रेशन चालू केलं आणि फोन बंडीच्या खिशात ठेवायला सांगितला. पहिल्यांदा वाजलं तेव्हा अप्पा दाराकडं बघायला लागले, पोरगा कामावरून लवकर आला की काय म्हणून.

तरी सुरुवातीला रागावलेच ते, "मी काय खुळा झालो व्हय?" त्यांचंही बरोबर होतं, आम्ही त्यांना न विचारताच सगळं ठरवलेलं. मग त्यांच्याजवळ बसून वेळा विचारल्या तेव्हा कळलं की नळाला पाणी यायच्या दिवशी सकाळी आठला ते पाइप धरून उभे असतात आणि अलार्म बंद करून टाकतात, नंतर गोळी घेतली का नाही ते त्यांनाच आठवत नाही. म्हणून आठचा अलार्म साडेनऊला नेला, त्यांच्या न्याहारीच्या वेळेला, तोही डॉक्टरांना विचारून. आणि आठवड्याची खणांची डबी आणली, रविवारी मी आणि अप्पा मिळून भरतो. खण रिकामा म्हणजे गोळी पोटात गेली, डबल घ्यायची भीती नाही.

एक त्रास अजून आहे. मेडिकलवाला कधी दुसऱ्या कंपनीची गोळी देतो, मग रंग बदलतो आणि अप्पा अडतात, ही आपली नव्हेच म्हणतात. त्यामुळं नवीन पाकीट आलं की आधी आतल्या औषधाचं नाव जुन्या फोटोशी ताडून बघायचं, मगच डबीत, आणि जुना फोटो डिलीट.

राहिली एकादशी. अलार्मला वार कळतो, तिथी कुठं कळते? मुलानं कॅलेंडरमधे बघून वर्षभराच्या सगळ्या एकादश्या फोनमधे टाकल्या, आदल्या संध्याकाळी माझ्या आणि ह्यांच्या फोनवर आठवण येते.

आता दुपारी एकच्या सुमाराला मशीनवर असताना व्हॉट्सॲपवर अप्पांचा फोटो येतो, रिकाम्या खणाचा, हललेला, निम्म्या फोटोत त्यांचा अंगठा. सव्वापर्यंत आला नाही तर मी फोन करते. कार्तिकीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचाच फोन आला, कॅलेंडर वाजायच्या आधी. म्हणाले, "उद्या एकादशी हाय पोरी, डबीतली सकाळची गोळी डॉक्टर म्हणाले तशी बदलून ठेव."