अकरा नंबरचा प्रश्न

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, इंजिनिअर, कोणावरही पोलीस केस झाली की कोर्टाचं एक वकील बघतो आणि लायसनचं माझ्याकडे येतं. बरीच वर्षं हेच करतेय, त्यामुळे त्या सिस्टर आल्या तेव्हा वाटलं, नेहमीचंच. दारू पिऊन गाडी चालवताना एकदा पकडल्या गेल्या, कोणाला खरचटलंसुद्धा नाही, वकील म्हणाला गुन्हा कबूल करा, दंड भरा, मिटलं. कोर्टातलं मिटलंच. पण लायसन देणाऱ्या कौन्सिलच्या लेखी कबुली म्हणजे दोषसिद्धी, हे त्याने सांगितलंच नाही (बऱ्याच फौजदारी वकिलांच्या हे डोक्यातच नसतं, आणि मला याचा भयंकर राग येतो).

मी तयारी जोरात केली. समुपदेशनाचं पत्र, टेस्टचे रिपोर्ट, मेट्रनचं शिफारसपत्र, सगळं टॅग लावून.

सुनावणीआधी बाहेर बाकड्यावर त्यांनी विचारलं, मॅडम, आमच्यातला एक जण कोर्टातून निर्दोष सुटला तरी त्याचं लायसन कसं गेलं हो? म्हटलं, कोर्टाला वाजवी शंकेपलीकडे पुरावा लागतो, कौन्सिलला बहुतेक ठिकाणी एवढंच बघायचं असतं की हे घडलं असण्याची शक्यता जास्त आहे की नाही, म्हणून सुटका झाली तरी चौकशी चालूच राहू शकते. यांची केस अजून चालू असती ना, तर मी यांना आत फार बोलूच दिलं नसतं, कारण इथे बोललेलं उद्या कोर्टात पुढे येऊ शकतं.

आत गेलो. दारूवर दहा मिनिटंसुद्धा गेली नाहीत. मग अध्यक्षांनी सिस्टरनी भरलेला लायसनच्या रिन्यूअलचा फॉर्म पुढे सरकवला आणि अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. 'आपल्यावर कधीही कोणत्याही गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला आहे का, निकाल काहीही लागलेला असो.' समोर 'नाही'च्या चौकटीत निळ्या पेनाची टिक, चांगली ठसठशीत.

"सिस्टर, हे वाचलं होतं का?"

"वाचलं होतं. पण दंड भरला ना, मला वाटलं संपलं."

पुढचा जवळजवळ पाऊण तास त्या टिकवरच. खोटी माहिती दिली हा वेगळा आरोप, आणि तो नोटिशीच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेला होता, मी वाचलाही होता, पण माझं सगळं लक्ष दारूवर, त्यामुळे त्यावर माझ्याकडे एक कागद नव्हता. लाज वाटली. बरं, रिन्यूअलपर्यंत थांबायचंच नसतं, काही ठिकाणी आरोप झाल्यापासून १० कामाच्या दिवसांत तर काही ठिकाणी ३० दिवसांत स्वतःहून कळवावं लागतं, काही ठिकाणी फक्त दोषी ठरल्यावर. आपापल्या कौन्सिलचा नियम काढून बघावा लागतो, दुसऱ्याचा उपयोगी नाही.

लायसन वाचलं. दोन वर्षं अटींवर, दर तीन महिन्यांनी वरिष्ठांचा रिपोर्ट, अधूनमधून अचानक टेस्ट, आणि ऑर्डर रजिस्टरवर, कोणीही बघू शकेल अशी.

महिन्याभराने त्या नवीन नोकरीचा फॉर्म घेऊन आल्या. तोच प्रश्न, या वेळी सहा नंबरला. आधी पेन्सिलने 'हो' लिहिलं, खाली दोन ओळींत काय झालं ते, मला दोनदा वाचायला लावलं आणि मग वरून पेन फिरवलं.